कळतं पण वळत नाही

एप्रिल उलटत आला की भीमाशंकरच्या डोंगरात बाळहिरड्याचे दिवस सुरू होतात. आंबेगावच्या बाजूला आहुपे, कोंढवळ, तेरुंगण, पलीकडे जुन्नरच्या अंगाला आंबे-हातवीज, दुर्गावाडी. घरातलं झाडून सगळं माणूस हिरड्याच्या झाडाखाली असतं. अशाच एखाद्या वस्तीवरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो कुणी एक नाही. अनेक मुलांच्या गोष्टी एकत्र करून मी त्याला उभा केलाय, म्हणून त्याला नावही देत नाही. उजाडायच्या आत तो झाडावर चढतो. कुठली फांदी वाळकी, कुठली भार घेईल, गांधीलमाश्यांचं पोळं कुठे लटकलंय, शेकरूनं यंदा नवं घरटं कुठे बांधायला घेतलंय, हे सगळं त्याला एका नजरेत दिसतं. दोन तास झाले तरी खाली यायचं नाव नाही. खाली हिरडा वेचणारी आजी म्हणते, ‘माकडाचा जन्म हुकला याचा!’ त्यात कौतुकच जास्त.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. तोच मुलगा बाकावर बसलाय. पेन्सिल पडली, ती घ्यायला वाकला, वाकल्यावर शेजाऱ्याच्या नडगीला चिमटा काढला, वर आला तो खिडकीकडे तोंड करून, कारण धुक्यातून एसटी येत होती. फळ्यावरचं गणित वहीत निम्मंच उतरलं, त्यातही अधिकाचं वजा झालं. गुरुजी विचारतात, ‘वर्गात मध्येच उठायचं असतं का?’ तो मान हलवतो, नाही. ‘मग का उठलास?’ याला त्याच्याकडे उत्तर नसतं. मान खाली. पालक भेटायला आले की गुरुजी सांगतात, ‘पोरगं हुशार आहे हो. पण कळतं आणि वळत नाही.’

हे वाक्य आपण सगळेच वैतागून वापरतो. कळतंय तरी करत नाही, म्हणजे मुद्दाम करतोय, असा त्याचा रोख असतो. पण एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, या स्थितीचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या भाषेत चार शब्दांत झालं असेल असं मला वाटत नाही. या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हेच सांगत आले: या मुलांचं अडतं ते काय करायचं हे ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर ठाऊक असलेलं ऐन वेळी हातून होत नाही म्हणून. कळण्याचं खातं वेगळं, वळण्याचं वेगळं. आपण मात्र आयुष्यभर कळण्याच्याच खात्यात भर घालत बसतो. पुन्हा सांगतो, समजावतो, ओरडतो, शपथा घ्यायला लावतो. मुलाला ते सगळं पाठ असतं.

घर चालायला जसा एक कारभारी लागतो, तसा तो डोक्यातही असतो. आधी काय, मग काय हे तो ठरवतो. तोंडावर आलेला शब्द अडवतो. सांगितलेलं काम पुरं होईपर्यंत धरून ठेवतो. किती वेळ गेला आणि किती उरला याचा अंदाज घेतो. रागाला आवर घालतो. ही कामं मुख्यतः कपाळामागच्या मेंदूची. एडीएचडी असलेल्या मुलात हा कारभारी उशिरा वयात येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली अशा 223 मुलांच्या मेंदूंची चित्रं तितक्याच इतर मुलांच्या चित्रांशी ताडून पाहिली. मेंदूची साल वाढत्या वयात एका टप्प्याला सर्वांत जाड होते. इतर मुलांत तो टप्पा साधारण साडेसात वर्षांच्या आसपास आला, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या आसपास. उशीर सगळ्यात जास्त होता तो पुढच्या भागात, कारभाऱ्याच्या खोलीत. गंमत म्हणजे हातपाय हलवणारा भाग मात्र इतरांपेक्षा जरासा आधीच तयार झालेला दिसला. गाडी लवकर, लगाम उशिरा.

याचा व्यवहारातला अर्थ घरच्यांनी नीट पचवला तर निम्मी भांडणं मिटतात. बारा वर्षांच्या मुलाकडून गणित बारा वर्षांचं मागा, झाडावर चढणं पंधरा वर्षांचं करेल, पण दप्तर आवरणं, रांगेत थांबणं, हरल्यावर न चिडणं यांत तो आठ-नऊ वर्षांचा आहे असं धरून चाला. आठ वर्षांच्या पोराला आपण एकट्यानं बाजारहाट करायला मंचरला धाडतो का?

मग हाच मुलगा झाडावर दोन तास कसा टिकतो? हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो, आणि बहुतेक वेळा त्यातूनच ‘नाटकं करतो’ हा निकाल निघतो. झाडावर प्रत्येक क्षणाला काहीतरी घडत असतं. चुकलं तर लगेच कळतं, जमलं तर हातात हिरडा येतो, अंग सतत कामात असतं. मेंदूत काम पुढे रेटायला लागणारी डोपामिन नावाची रसायनाची व्यवस्था या मुलांत वेगळी चालते. बक्षीस लांब आणि काम कंटाळवाणं असलं की ती पेटतच नाही. या मुलांचं लक्ष कमी नसतं, त्याला कासरा नसतो. जिथे काम स्वतःच लक्ष ओढून घेतं तिथे कासऱ्याची गरजच पडत नाही. मोबाईलवर तो तासन् तास बसतो त्याचंही कारण हेच, म्हणून ‘मोबाईल बघताना बरं लक्ष लागतं!’ हा टोमणा वाया जातो.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. होतं. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांच्या 1840 च्या दशकातल्या मुलांच्या चित्रपुस्तकात जेवणाच्या टेबलावर झुलत बसणारा फिलिप आहे. खुर्ची मागे जाते आणि तो टेबलक्लॉथसकट ताटं खाली ओढतो. 1902 मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. नावं बदलत गेली; 1980 मध्ये अवधान-अभाव आणि 1987 मध्ये आजचं एडीएचडी हे नाव मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आलं. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्यावर 2007 साली जो आकडा निघाला तो शंभर मुलांमागे सुमारे पाच. चाळीस मुलांच्या वर्गात दोन.

आणि आपल्याकडे ‘आमच्या वेळी’ ही मुलं कुठे होती? तिसरी-चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेली होती. तिथे त्यांचं फारसं बिघडतही नव्हतं. केनियातल्या आरिआल या पशुपालक लोकांचा एक अभ्यास 2008 मध्ये आला. डोपामिनशी संबंधित एका जनुकाचं जे रूप एडीएचडीशी जोडलं जातं, ते असलेली माणसं भटक्या वस्तीत इतरांपेक्षा चांगली धष्टपुष्ट होती. त्याच लोकांपैकी जे एका जागी स्थायिक झाले, त्यांच्यात तेच रूप असलेल्यांची प्रकृती उलट थोडी खालावलेली. हा एका छोट्या समाजाचा अभ्यास, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. शहरातले काही लोक यावरून ‘मुलाला रानात सोडा, सगळं ठीक होईल’ असंही बोलू लागतात. रानात राहणाऱ्या आईबापांनी ते ऐकून घेऊ नये. त्यांच्या मुलालाही दहावी व्हायचं आहे, आणि हिरड्याचा हंगाम वर्षातून थोडेच दिवस असतो.

प्रत्येक वांड पोर एडीएचडीचं नसतं, हेही इथेच सांगितलं पाहिजे. निदानाच्या अटी कडक आहेत. अवधानाची नऊ आणि चंचलतेची नऊ अशा लक्षणांच्या दोन याद्या; त्यांतल्या एकीतली तरी किमान सहा, सहा महिन्यांहून जास्त काळ, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, आणि घर-शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी. शिवाय त्यामुळे मुलाचं खरोखर अडत असलं पाहिजे. फक्त शाळेतच त्रास होत असेल तर आधी शाळेकडे पाहावं, फक्त घरी होत असेल तर घराकडे. ऐकू कमी येणारं, फळा न दिसणारं, रक्त कमी असलेलं, रात्री झोप न होणारं मूलही असंच वागतं. या डोंगरात आणखी एक गोष्ट: घरात महादेव कोळ्यांची किंवा ठाकरांची बोली आणि वर्गात पुस्तकी मराठी. पहिलीतल्या मुलाला गुरुजींची सूचनाच उमगत नसेल तर त्याला ‘लक्ष नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. आणि भीती. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर खचला, दीडशेवर माणसं गाडली गेली. असा धक्का बसलेलं मूल बसल्या जागी दचकतं, वर्गात हरवतं, झोपत नाही. वरवर पाहणाऱ्याला ते एडीएचडीच वाटेल.

मुलींचं तर वेगळंच. त्या बाकावर उड्या मारत नाहीत. खिडकीशी बसून शांतपणे हरवतात, वही विसरतात, चुलीवरचं दूध उतू घालवतात. ‘वेंधळी आहे’ म्हणून विषय संपतो. धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीचं लक्ष अभ्यासात का नाही, हा प्रश्न कुणी विचारतही नाही. कुणाला त्रास न देणाऱ्या मुलाची चौकशी उशिरा होते, आणि इथे बहुधा होतच नाही.

आता घराकडे येऊ. डोंगरात हाका मारून बोलायची सवय असते. या बांधावरून त्या बांधावर, खाचरातून ओट्यावर. आई भाकरी थापता थापता ओरडते, ‘आरं, खुराडा उघड, येताना हंडाभर पाणी आण, आन् बापाला सांग वैरण संपली.’ मुलगा ‘हां’ म्हणतो आणि जातो. खुराडा उघडतो. एक कोंबडी भलतीकडे पळते, तिच्यामागे जातो, तिनं कुडाच्या मागे घातलेलं अंडं सापडतं, अंडं घेऊन येताना ओढ्याचा आवाज येतो, आणि अर्ध्या तासानं तो ओढ्यात दगड उलटून खेकडे शोधताना सापडतो. अंडं खिशात, तेही फुटलेलं. पाणी नाही, निरोप नाही. आई म्हणते, ‘किती येळा सांगायचं?’

तिनं एकदाच सांगितलं होतं, पण तीन कामं. कामापुरतं डोक्यात धरून ठेवायची जी ओंजळ असते ती या मुलांची गळकी. पहिलं काम ओंजळीत राहिलं, बाकीचं वाटेत सांडलं. त्यात उद्धटपणा नाही. हेच दुसऱ्या रीतीनं करून पाहा. हातातलं पीठ झटका, उठा, चार पावलं जा, खांद्यावर हात ठेवा, त्यानं तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. ‘खुराडा उघड आणि मला येऊन सांग.’ एवढंच. तो येऊन सांगतो. ‘उघडला ना? सरळ परत आलास, बरं केलंस.’ मग हंडा त्याच्या हातात द्या. हंडा हातात असला की पाणी विसरणं अवघड जातं. निरोपाचं काम तो पाणी घेऊन आल्यावर. एकूण वेळ ओरडण्यापेक्षा कमीच लागतो, पण सुरुवातीला ते खरं वाटत नाही, कारण भाकरी तव्यावर असते.

यातली युक्ती सगळीकडे तीच आहे. कारभारी डोक्यात लहान आहे, तर तो मोठा होईपर्यंत त्याचं काम डोक्याबाहेर आणून ठेवायचं, जिथे काम व्हायचं त्याच जागी आणि त्याच वेळी. दाराच्या आतल्या फळीवर खडूनं चार चित्रं: दात, आंघोळ, दप्तर, डबा. एक झालं की मुलानंच ते पुसायचं. दप्तर रात्रीच दारात, चपलांवर, म्हणजे ते उचलल्याशिवाय चप्पल मिळणार नाही. वेळ तर या मुलांना दिसतच नाही. ‘दहा मिनिटांत नीघ’ आणि ‘तासाभरानं नीघ’ यांत त्यांना फारसा फरक जाणवत नाही. म्हणून वेळ दाखवावा लागतो. उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आली की निघायचं, ही जुनी खूण उत्तम. अर्थात आषाढात भीमाशंकरला ऊन शोधावं लागतं, तेव्हा गजराचं घड्याळ बरं.

अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. मध्ये उठू द्या, पाणी पिऊ द्या, अंगणात एक चक्कर मारू द्या, पण परत येण्याची खूण आधी ठरवा. उभं राहून पाढे म्हटले तरी ते पाढेच असतात. एका वेळी एकच वही समोर. पूर्ण पानभर गणितं दिसली की मूल सुरुवातच करत नाही. पानावर दुसरा कागद झाकून दोनच उघडी ठेवा.

बक्षिसाचंही असंच. ‘पहिला नंबर आला तर सायकल’ हे या मुलाला सांगणं म्हणजे न सांगण्यासारखं, कारण एप्रिल महिना त्याच्या नजरेच्या टप्प्यातच नसतो. एका डब्यात चिंचोके ठेवा. ठरलेलं काम एका सांगण्यात झालं की एक चिंचोका, त्याच क्षणी. दहा झाले की संध्याकाळी त्याच्या पसंतीचं काहीतरी: बापाबरोबर ओढ्यावर, आजीची गोष्ट, पंधरा मिनिटं मोबाईल. एक नियम मात्र मोडू नका. मिळवलेला चिंचोका रागाच्या भरात परत काढून घ्यायचा नाही. मजुरी दिल्यावर मालक ती हिसकावून घ्यायला लागला तर दुसऱ्या दिवशी कोण कामावर येईल? आणि दोन-तीन आठवड्यांत या खेळाची चव जाते, तेव्हा बक्षीस बदला. चव जाणं हा योजनेचा पराभव नव्हे, या मेंदूचा तो स्वभावच आहे.

मारानं काय होतं? मुलगा थांबतो. म्हणूनच मार इतका लोकप्रिय आहे. भीती पाहुण्यासारखी येते आणि घर आवरून देते; पाहुणा गेला की पसारा होता तसाच. कारभारी काही त्यानं मोठा होत नाही. उलट मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की आपण वाईट आहोत. एक दिवस बोटांवर मोजून बघा: सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला किती वेळा टोकलं आणि किती वेळा बरं म्हटलं. आकडा पाहून बहुतेक आईबाप गप्प होतात.

यावर लोक म्हणतात, म्हणजे सगळं चालवून घ्यायचं का? अजिबात नाही. या मुलांना नियम इतरांपेक्षा जास्त लागतात, फक्त ते थोडे, ठाम आणि रोज तेच असावे लागतात. मारामारी नाही, न सांगता धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, रात्री नऊला अंथरूण. तीन पुरे. मोडला तर छोटी, ठरलेली, लगेचची शिक्षा. आज संध्याकाळचा मोबाईल नाही, विषय संपला. महिनाभर अबोला धरण्यात शिस्त नसते, तो मोठ्यांचा रुसवा असतो.

आजी एक वाक्य हमखास बोलते: ‘याचा बाप बी असाच होता.’ आजीचं निरीक्षण शास्त्राशी जुळतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश निघतो, म्हणजे उंचीच्या जवळपास जाणारा. तरी दोष आईच्या माथी येतो. लाडावला, साखर खाऊ घातली, नीट वळण लावलं नाही. साखरेचं तर प्रयोगात तपासून झालंय. 1994 च्या एका अमेरिकी प्रयोगात सगळ्या मुलग्यांना साखर नसलेलंच गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की त्यात साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या स्वतः मुलांवर जास्त टीका करत, त्यांच्याभोवती घुटमळत राहिल्या. बदल मुलांत नव्हता, पाहणाऱ्यांत होता. बापानं मात्र आजीचं वाक्य मनावर घ्यावं. जो माणूस स्वतः घोडेगावला एका कामासाठी जातो आणि तीन भलतीच करून परततो, त्याच्याइतकं या मुलाला कुणी समजू शकत नाही. तोच जास्त मारतो, हे दुर्दैव.

मुलगा चौदा-पंधराचा झाला की उड्या कमी होतात आणि आईबापांना वाटतं, सुटलो. चंचलता अंगातून आत उतरलेली असते. डोकं पळत राहतं. आता दिसते ती घाई: न विचारता दिलेलं उत्तर, न बघता मारलेली उडी, मित्रानं पुढे केलेली तंबाखू. अपघात आणि व्यसनं, दोन्हींचा धोका या मुलांना इतरांहून जास्त, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. घाटरस्ता, पाऊस आणि बापाची मोटारसायकल हा योग इथे रोजचा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी किल्ली खुंटीवर टांगू नये, इतकं साधं. या वयात हुकूम चालत नाहीत, बोली चालते. शांत वेळ बघून दोघांनी बसावं, कधी घरी यायचं, मोबाईल रात्री कुठे ठेवायचा, बदल्यात त्याला काय हवं, हे कागदावर लिहावं. त्याच्या मागणीतलं काहीतरी खरोखर मान्य करावं. त्याचा राग भडकलेला असताना मात्र काहीही शिकवू नये. तेव्हा कारभारी घरात नसतो.

आता डॉक्टरांकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि तपासायच्या तीस आजार-व्यंगांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक आलं की दात आणि डोळे बघून होतात. तेव्हा पालकांनी किंवा गुरुजींनी ‘याच्या लक्षाचंही बघा’ असं तोंडानं म्हणायला हवं. तिथून वाट पुढे जिल्हा रुग्णालयापर्यंत जाते; पुण्यात ससूनलाही मानसोपचार विभाग आहे. घरातून सुरुवात करायची तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. डोंगरात रेंज मिळेल तिथे उभं राहून लावावा लागेल, पण लागतो.

गोळ्यांची भीती शहरातही आहे, इथे असणारच. पहिली गोळी अपघातानं सापडली. 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या डोकेदुखीसाठी बेंझेड्रिन देऊन पाहत होते. डोकेदुखीचं काही झालं नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली. मुलांनीच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ नाव दिलं. आज जे औषध जास्त वापरलं जातं ते मिथाइलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं, आणि बनवणाऱ्यानं त्याला आपल्या बायकोच्या, रीटाच्या, नावावरून रिटालिन म्हटलं. आपल्याकडे ते कडक नियमांखालच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे, त्यामुळे प्रत्येक दुकानात मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय कुठेच मिळत नाही. ते डोक्यात नवं काही भरत नाही. कारभाऱ्याला काही तास जागं ठेवतं. भूक मंदावते, कधी झोप लांबते, म्हणून वजन-उंची मोजत राहावी लागते. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. अमेरिकेत 579 मुलांवर चौदा महिने चाललेल्या आणि 1999 मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध सरस ठरलं. पण औषधाला घर-शाळेतल्या शिकवणुकीची जोड होती तिथे डोस कमी लागला आणि घरातली नातीही सुधारली. तीन वर्षांनी गटांमधला फरक मात्र उरला नव्हता. म्हणजे गोळी घेऊन निर्धास्त होता येत नाही आणि गोळीला शिव्याही घालता येत नाहीत. अंगारा-गंडा करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गंडा बांधा, पण डॉक्टरची तारीख चुकवू नका.

एक औषध इथे फुकट मिळतं. इलिनॉय विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2009 मध्ये एडीएचडीच्या मुलांना वीस-वीस मिनिटं चालायला नेलं. एकदा बागेत, एकदा शहराच्या मध्यभागी, एकदा वस्तीत. बागेतून आल्यावर मुलांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. अभ्यास छोटा, सतराच मुलांचा, पण त्यात अपाय काही नाही. इथल्या मुलाला शाळेच्या वाटेवर ते रोज मिळतं. आश्रमशाळेत राहणाऱ्याला मिळत नाही, आणि सगळ्यात चंचल मुलालाच बहुधा ‘आज खेळाची सुट्टी बंद’ ही शिक्षा होते. तहानलेल्याचा हंडा काढून घेण्यातला हा प्रकार.

आश्रमशाळेतलं मूल आईबापांना दिवाळीत आणि उन्हाळ्यात भेटतं. वर्षातला मोठा काळ त्याचे आईबाप म्हणजे वर्गशिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक. ती माणसंही थकलेली असतात; एका खोलीत पन्नास पोरं झोपवणं सोपं नाही. म्हणून या जूनमध्ये शाळा उघडली की तक्रारीची चिठ्ठी यायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात जा. भात आवणीला आलेलं नसतं, एक दिवस निघतो. गुरुजींना सांगा की मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. वह्या वाटायला, पाणी आणायला त्यालाच उठवा. एका वेळी एकच सूचना द्या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, हे त्यांना ठाऊकच आहे, ते ऐकवत बसू नका. तो हिरड्यावर दोन तास कसा टिकतो ते मात्र आवर्जून सांगा, कारण तो मुलगा त्यांनी पाहिलेला नाही. आणि उठताना हात जोडून एवढं मागा: काहीही शिक्षा करा गुरुजी, याची खेळायची सुट्टी तेवढी कापू नका.